कोरी वही आणि दबलेले बोट

मोटार-कंपन्यांना माल पुरवणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्रीत एखादा ओतीव भाग सदोष निघाला, तर त्याची नोंद झाल्यावाचून राहत नाही. तो कोणत्या दिवशी, कोणत्या पाळीत, कोणत्या हीटमध्ये ओतला गेला, दोष ब्लो होलचा होता की वाळू शिरल्याचा, भाग दुरुस्त केला की पुन्हा भट्टीत टाकला, हे सारे लिहिले जाते. माल घेणारी कंपनी त्याचा जाब विचारते, आणि तिला उत्तर देता आले नाही तर पुढची ऑर्डर जाते. त्याच फाउंड्रीत साचा उचलताना एखाद्या माणसाचे बोट दबले, तर मात्र त्याची नोंद होईलच अशी खात्री कोणी देऊ शकत नाही. त्या बोटाचा जाब विचारणारा ग्राहक अद्याप जन्मास यावयाचा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र शासनाने ४ कामगार संहिता अमलात आणल्या. त्यांपैकी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाच्या परिस्थितीविषयीच्या २०२० च्या संहितेने १३ कायदे पोटात घेतले, आणि त्यांत १९४८ चा कारखाना कायदाही होता. कामगार संघटनांनी या संहितांवर जी टीका केली तिचा रोख बहुतांशी संपाच्या हक्कावर आणि कामगारकपातीवर राहिला. ३०० हून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना शासनाच्या परवानगीवाचून टाळे लावण्याची मुभा मिळाल्यावर तसे होणे साहजिकच होते. परंतु या गदारोळात अपघात आणि आजार यांची नोंद कोणी, कशी व कोणाकडे करावयाची, हा निरस वाटणारा विषय चर्चेबाहेर पडला. जो अपघात कागदावर येत नाही त्याची भरपाई मिळत नाही, चौकशी होत नाही आणि त्या यंत्रावर पुढे कधी जाळीही बसत नाही. सुरक्षिततेचा सारा डोलारा उभा आहे तो या निरस कागदावर.

हा कागद किती खरा आहे, हे शासनाच्याच आकड्यांवरून पाहावे. केंद्रीय यंत्रणेने संकलित केलेल्या माहितीप्रमाणे २०१७ ते २०२० या काळात देशातील नोंदणीकृत कारखान्यांत दररोज सरासरी ३ कामगार मरण पावले आणि ११ जखमी झाले. म्हणजे मृत्यू एक, तर जखमी चारांच्या आतच. अमेरिकेत २०२३ साली कामावर असताना ५,२८३ माणसे दगावली आणि त्याच वर्षी खाजगी क्षेत्रातील मालकांनी सुमारे २६ लाख इजा व आजार नोंदवले. तेथे एका मृत्यूमागे नोंदवलेल्या इजा ५०० च्या घरात जातात. दोन्ही देशांच्या मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत, व्याख्या वेगळ्या आहेत, हे मान्य. परंतु कोणतीही व्याख्या ४ आणि ५०० यांतील अंतर भरून काढू शकत नाही. या आकड्यांवर विश्वास ठेवावयाचा तर भारतातील यंत्रे माणसाला एकदम ठार करतात, एरवी त्याच्या अंगावर ओरखडाही उठू देत नाहीत, असे मानावे लागेल. खरी गोष्ट साधी आहे. प्रेत लपवता येत नाही. तुटलेले बोट लपवता येते.

ते कसे लपते हे उद्यमनगरापासून शिरोलीपर्यंत ज्याने कामगारांत ऊठबस केली आहे त्याला नव्याने सांगावयास नको. जुन्या कायद्याच्या ८८ व्या कलमात आणि नव्या संहितेच्या १० व्या कलमातही सूचनेची कसोटी एकच आहे: जखमी माणूस ४८ तास वा अधिक काळ कामावर येऊ शकला नाही, तर मालकाने शासनाला कळवावयाचे. कसोटी इजेची नाही, गैरहजेरीची आहे. साहजिकच पहिला प्रयत्न गैरहजेरी पुसण्याचा होतो. हाताला पट्टी बांधलेला माणूस दुसऱ्या दिवशी फाटकाशी स्टुलावर बसवला जातो, मस्टरवर त्याची हजेरी लागते, खाजगी दवाखान्याचे बिल ठेकेदार भागवतो, आणि ४८ तास कायद्याच्या दृष्टीने कधी सुरूच होत नाहीत. त्या माणसालाही यात उपकारच वाटतो, कारण पगार बुडालेला नसतो. बोट कायमचे वाकडे राहिले, पकड गेली, हे पुढे कळते. तोवर त्या दिवशी काही घडल्याचा पुरावा उरलेला नसतो.

येथे एक गोष्ट विचारात घ्यावयास हवी. कर्मचारी राज्य विमा योजनेत नाव असलेला कामगार जखमी झाला तर भरपाईचा बोजा मालकावर पडत नाही, तो योजनेवर पडतो. आणि कामावरील इजेच्या बाबतीत हे संरक्षण पहिल्या दिवसापासून मिळते. मग मालक लपवतो कशासाठी? कारण अनेक ठिकाणी त्या माणसाचे नाव योजनेत त्या दिवसापर्यंत घातलेलेच नसते. वाहन-उद्योगाच्या पुरवठादार कारखान्यांत हात चिरडलेल्या कामगारांची पाहणी 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून दरवर्षी प्रसिद्ध करते. बऱ्याच कामगारांचे विमा-ओळखपत्र अपघात झाल्यावरच निघते, असे तीत वारंवार आढळले आहे. म्हणजे नोंद होते, पण ती माणसाच्या कामाची नव्हे, मालकाच्या घाबरण्याची.

आता कायद्याच्या आकड्यांकडे वळू. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो १०० माणसे काम करीत असलेल्या कारखान्यांनाच लागू होता. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि १८९१ च्या कायद्यात हा आकडा ५० वर आला. १९२२ मध्ये तो २० झाला. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये, विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी, तो १० झाला. सदुसष्ट वर्षांत आकडा केवळ खाली येत गेला. परकी राजवटीतही तो कधी वर गेला नाही. तो वर नेण्याचे धाडस झाले ते स्वतंत्र भारतात. महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने तो पुन्हा २० वर नेला, आणि २०२० च्या संहितेने तोच आकडा साऱ्या देशाला लागू केला. शंभर वर्षांपूर्वी साम्राज्यशाहीने जेथे पाऊल ठेवले होते, तेथे आपण मोठ्या समारंभपूर्वक परत येऊन पोचलो आहोत.

न्यायाने बोलावयाचे तर संहितेने एका हाताने जे काढून घेतले त्यातील थोडे दुसऱ्या हाताने परतही केले आहे. 'कारखाना' होण्यास २० कामगार लागतात, परंतु 'आस्थापना' होण्यास १० पुरतात, आणि अपघात व रोग कळवण्याचे बंधन आस्थापनेवर आहे. त्यामुळे २०१५ नंतर महाराष्ट्रात कायद्याच्या कक्षेबाहेर गेलेली १० ते १९ माणसांची ठिकाणे कळवण्यापुरती तरी पुन्हा आत आली. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची सक्तीही स्वागतार्ह आहे. तिचे मोल पुढे दिसेल. पण मेख दुसरीकडे आहे. फाउंड्री हे धोकादायक प्रक्रियेचे काम आहे, असे कारखाना कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतच म्हटले होते. भोपाळच्या हत्याकांडानंतर १९८७ साली त्या कायद्यात धोकादायक प्रक्रियांचे जे प्रकरण घातले गेले, त्याने अशा कारखान्यातील प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची अद्ययावत नोंद ठेवणे आणि ती त्याला पाहू देणे मालकावर बंधनकारक केले. ही तरतूद संहितेतही आहे. परंतु ती कारखान्यासाठी आहे, आस्थापनेसाठी नाही. पंधरा माणसांच्या फाउंड्रीतील कामगाराचा हात तुटला तर कळवावयाचे. त्याच्या छातीत काय साठत आहे, याची वही मात्र ठेवावयाची नाही.

छातीत साठते ती वाळू. कोल्हापूर परिसरात अडीचशे-तीनशे फाउंड्री आहेत. त्यांच्या साच्यांसाठी लागणारी सिलिका वाळू सिंधुदुर्गातील कासार्डे भागातून घाट चढून येते. साचा बांधताना ती ओली असते, तेव्हा तिचा फारसा उपद्रव नाही. तप्त लोखंड ओतल्यावर ती जळते, कोरडी होते आणि नॉकआउटमध्ये साचा फोडताना तिचा धुरळा होतो. त्यानंतर फेटलिंगमध्ये भागाला चिकटलेली वाळू ग्राइंडरने घासून काढतात. डोळ्याला दिसणारी धूळ नाकात अडकते. जी दिसत नाही ती फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथे व्रण निर्माण करते. या रोगास सिलिकोसिस म्हणतात. एकदा जडलेला हा रोग बरा करणारे औषध नाही. आणि काम सोडल्यावरही तो वाढत राहतो.

अपघाताची वही निदान अपघाताच्या दिवशी लिहिता येते. सिलिकोसिसला तशी तारीखच नाही. तो बहुधा १०-१५ वर्षांच्या कामानंतर प्रकट होतो. फेटलिंगचे काम आज प्रामुख्याने बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा येथून आलेली माणसे ठेकेदाराच्या हाताखाली करतात. दम लागू लागला, वजन घटले की ती गावी परततात. रोग छपरा किंवा गंजाम जिल्ह्यात दिसतो, आणि त्याची वही शिरोलीत असते. मालकाच्या दृष्टीने त्याच्याकडे कोणी आजारी पडलेलेच नाही, आणि ठेकेदाराच्या दृष्टीने तर असा कोणी माणूसच नव्हता. नियुक्तिपत्राचे मोल आहे ते येथे. मध्य प्रदेशातील अलीराजपूर, झाबुआ भागातील आदिवासी गोध्रा परिसरात गारगोटी दळण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि गावी येऊन मेले. आपण तेथे काम केले होते, याचा कागद त्यांच्यापाशी नव्हता. मानवी हक्क आयोगाच्या शिफारशीनंतरही वर्षे गेली, आणि अखेर ४ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत २३८ जणांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. ते पैसे भरले सरकारने, म्हणजे जनतेने. गारगोटी दळून ज्यांनी नफा मिळवला त्यांच्या वह्या कोऱ्याच राहिल्या.

असे होऊ शकते हे न्यायालयाला त्याच्या किती तरी आधी उमगले होते. अॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यानंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपली पाहिजे. धुळीचा रोग किती उशिरा बोलतो, हे जाणून दिलेला हा निकाल आहे. वाळूच्या धुळीचे रोगही तितकेच उशिरा बोलतात. तो दंडक फाउंड्रीला का लावू नये, याचे उत्तर कोणत्याही सरकारने दिलेले नाही.

कायद्याने एक लेखणी मालकाखेरीज दुसऱ्याच्याही हाती दिली आहे, आणि ती डॉक्टरची. सध्या किंवा पूर्वी कामावर असलेल्या माणसाला अनुसूचीतील रोग झाल्याचा नुसता संशय आला, तरी डॉक्टरने मुख्य निरीक्षकाच्या कार्यालयाला लेखी कळवावे, असे जुन्या कायद्याचे ८९ वे कलम सांगत होते आणि नव्याचे १२ वे सांगते. न कळवल्यास पूर्वी १,००० रुपयांपर्यंत दंड होता, आता तो १०,००० पर्यंत आहे. हे कलम माहीत असलेला डॉक्टर शोधावा लागेल. उलट क्षयरोगाकडे पाहावे. २०१२ पासून क्षयरोगाचा रुग्ण कळवणे सक्तीचे झाले. त्यासाठी देशव्यापी संगणकीय यंत्रणा उभी राहिली. रुग्ण कळवणाऱ्या खाजगी डॉक्टरला ५०० रुपये मिळू लागले, रुग्णाला पोषणासाठी दरमहा रक्कम मिळू लागली. हे सारे योग्यच झाले. पण सिलिकोसिस आणि क्षय यांची लक्षणे सारखी, क्ष-किरण चित्रेही पुष्कळदा फसवी, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय जडण्याचा संभव अधिक. एका रोगाला तयार खिडकी आहे, दुसऱ्याला केवळ दंडाची धमकी. घाईतील डॉक्टर कोणता शब्द लिहील हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही. क्षयाला मालक नसतो, सिलिकोसिसला असतो. निदानाच्या एका शब्दात जबाबदारी कारखान्याच्या फाटकातून निसटते आणि रुग्णाच्या गरिबीवर, विडीवर, कोंदट खोलीवर जाऊन बसते.

इचलकरंजीच्या मागावाल्यांची कथाही याहून फार निराळी नाही. खटखटणाऱ्या शेडमध्ये आयुष्य काढलेला माणूस बहिरा होतो आणि घरचे त्याला वयाचा दोष देतात. आवाजाने येणारे बहिरेपण हा अनुसूचीत नाव असलेला रोग आहे. एकाच छपराखालच्या मागांचे कागदोपत्री तुकडे पाडले की कामगारांची संख्या हवी तेवढी खाली आणता येते, ही युक्ती तेथे शिकवावी लागत नाही.

मालकांची बाजू आहे आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे. कोल्हापूरचा उद्योग हा भांडवलदारांनी वसवलेला नव्हे. मेस्त्री, जोडारी, लोहार यांनी उद्यमनगरातील लहान शेडांतून इंजिने घडवली, भट्ट्या पेटवल्या. त्यांची नातवंडे आज फाउंड्री चालवतात. लहान फाउंड्रीचा मालक पुष्कळदा स्वतः त्याच धुळीत उभा असतो. वीज महाग, कच्चे लोखंड महाग, आणि मोटार-कंपनी मात्र दर वर्षी भाव पाडून मागते. निरीक्षक आला तर वही पाहण्यापूर्वी खिसा पाहतो, हीही तक्रार खोटी म्हणता येणार नाही. परंतु यातून निघणारा निष्कर्ष वही बंद करावी असा नसून तिचा जाब आणखी वर नेऊन विचारावा, असा आहे. शेअर बाजारातील पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून आपल्या कामगारांना झालेल्या इजांचे आकडे वार्षिक अहवालात द्यावे लागतात. ज्या फाउंड्रीतून तिचे सुटे भाग येतात तेथील बोटांचे आकडे मात्र त्या अहवालात येत नाहीत. सदोष भागाचा हिशेब मागण्याइतका अधिकार ज्या कंपनीला आहे, तिला दबलेल्या बोटाचा हिशेब मागण्याचा अधिकार नाही असे कोण म्हणेल?

नव्या संहितेने या कोंडीवर जो उपाय योजला आहे तो मात्र विचित्र आहे. निरीक्षक हा आता निव्वळ निरीक्षक राहिला नाही, तो मालकाचा सल्लागार आणि सोयी करून देणाराही झाला आहे. कोणाची तपासणी करावयाची हे संगणक ठरवील. वही संगणकावर ठेवता येईल. केवळ दंडाची शिक्षा असलेला गुन्हा कमाल दंडाच्या निम्मी रक्कम भरून मिटवता येईल. लाचखोर निरीक्षकावर उपाय म्हणून निरीक्षणच सैल करावयाचे, हा चोरी होते म्हणून पोलीस चौकी हलवण्याचा प्रकार झाला. वही कागदाची असो की संगणकाची, लेखणी ज्याचे लिहिल्याने नुकसान होते त्याच्याच हाती आहे, आणि तोवर ती कोरीच राहणार.

म्हणून प्रश्न लेखणी आणखी किती हातांत देता येईल, हा आहे. याचा काही भाग राज्य शासनाच्या आवाक्यात आहे. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात यंत्रावर हात गमावलेला माणूस आला की त्याची पोलिसी प्रकरण म्हणून नोंद होते. ती वही आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आलेल्या सूचना दर महिन्याला समोरासमोर ठेवल्या, तर कोणत्या वसाहतीतून सूचना आलीच नाही हे एका दुपारी कळेल. क्षयरोगाच्या प्रत्येक प्रौढ रुग्णाला 'आजवर कोणते काम केले, किती वर्षे' एवढे विचारून ते केसपेपरवर लिहिण्यास कोणताही नवा कायदा लागत नाही. केंद्राच्याही हातात एक गोष्ट आहे. धोकादायक वा जीवघेणे काम म्हणून केंद्र शासनाने अधिसूचित केलेल्या ठिकाणी कामगारसंख्येची अट राहत नाही, अशी तरतूद संहितेतच आहे. फाउंड्रीतील वाळूचे काम त्या यादीत यावे आणि छातीची वहीही त्याबरोबर यावी, ही मागणी कोल्हापूरच्या लोकप्रतिनिधींनी दिल्लीत मांडली तर त्यांच्याकडून कोणी फार मोठी अपेक्षा केली असे होणार नाही.

उरलेला भाग कामगारांच्या स्वतःच्या हातात आहे. कोल्हापूरचे ओतीव भाग ज्या अमेरिकेत जातात तेथे, नोंद ठेवणे ज्यांना सक्तीचे आहे अशा मालकांना, गेल्या वर्षातील इजा व आजारांचा गोषवारा दर वर्षी १ फेब्रुवारीपासून ३० एप्रिलपर्यंत कामाच्या जागी सर्वांना दिसेल असा लावावा लागतो. भांडवलशाहीच्या माहेरघरात जे चालते ते शिरोलीत चालणार नाही, असे म्हणण्याची सोय येथील मालकांना नाही. परंतु मालक तो कागद लावीपर्यंत थांबण्याचे कारण नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील संघटनांनी प्रत्येक वसाहतीत आपली एक वही ठेवावी. तिला स्तंभ थोडेच पुरतील: तारीख, पाळी, यंत्र, कोणते बोट, कोणत्या ठेकेदाराचा माणूस, मस्टरवर त्या दिवशी काय लिहिले, विम्याचे कार्ड कोणत्या तारखेला निघाले. फेटलिंगच्या माणसांसाठी आणखी दोन: वाळूत किती वर्षे झाली, आणि गावचा पत्ता.